न लिहिलेला आदेश : निवडणुका आणि दूरदर्शनच्या बातम्या

निवडणुका जवळ आल्या की महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांकडून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कोणी इंदूरहून विचारतात, कोणी बडोद्याहून, कोणी हैदराबादहून. प्रश्नाचा आशय असा असतो की, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या निवडणुकीच्या काळात इतकी उघड बाजू घेतात, तेव्हा शासनयंत्रणा काय करते? याविरुद्ध काही कायदा नाही का?

कायदा आहे. एक नव्हे, बरेच आहेत. आयोग आहे, समित्या आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. तरीही हा प्रश्न आज विचारावा लागतो आणि तो १९७७ मध्येही विचारला गेला होता. मधल्या काळात दिल्लीत जवळजवळ प्रत्येक प्रमुख राजकीय प्रवाहाचे सरकार येऊन गेले. म्हणून हा दोष अमुक एका पक्षाचा, असे म्हणून भागत नाही. तो आपल्या प्रशासनाच्या रचनेत कोठे दडला आहे, हे पाहण्यासाठी थोडा इतिहास तपासावा लागेल.

खात्याची शाखा

भारतात दूरचित्रवाणीचे पहिले प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीहून झाले. त्या वेळी माहिती व प्रसारण खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे होते. आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत हद्दपार करणारे मंत्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. दूरचित्रवाणी ही तेव्हा आकाशवाणीची एक छोटी शाखा होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९७६ रोजी ही शाखा आकाशवाणीपासून वेगळी होऊन 'दूरदर्शन' झाली.

मात्र वेगळी होणे आणि स्वतंत्र होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांची दोन स्वायत्त महामंडळे करावीत, अशी शिफारस चंदा समितीने १९६६ मध्येच केली होती. शासनाने त्यातला 'दोन' हा शब्द दहा वर्षांनी मान्य केला आणि 'स्वायत्त' हा शब्द बाजूला ठेवला. दूरदर्शन मंत्रालयाचे खातेच राहिले. बातम्यांचा संपादक हा शासकीय सेवक, त्याचा गोपनीय अहवाल लिहिणारा शासकीय अधिकारी आणि त्याची बदली मंत्रालयाच्या हाती. ज्या मंत्र्याची बातमी द्यायची किंवा वगळायची, त्याच्याच खात्यात संपादकाची फाइल ठेवलेली, अशी ही व्यवस्था होती.

आणीबाणी आणि १९७७ ची निवडणूक

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच माहिती व प्रसारण खाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आले. बातमीपत्रे प्रसारणापूर्वी पाहण्याची संजय गांधी यांची मागणी गुजराल यांनी मान्य केली नाही, हे त्यामागचे कारण असल्याचे अनेक ठिकाणी नोंदले गेले आहे. खाते बदलण्याचा अर्थ खालपर्यंत सर्वांना समजला. प्रशासनात अशा एका बदलीने जेवढे काम होते, तेवढे शंभर परिपत्रकांनी होत नाही.

पुढच्या काळातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग मे १९७६ चा. किशोरकुमार यांनी शासनाच्या प्रचारकार्यात हवे तसे सहकार्य दिले नाही, म्हणून आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्यांची गाणी बंद करण्यात आली. हा निर्णय जितका क्षुद्र, तितकाच कार्यालयीन पद्धतीने घेतलेला होता. अधिकाऱ्यांची चर्चा झाली, टिप्पणी लिहिली गेली, सूचना निघाल्या. सारे कागदावर होते. त्यामुळेच पुढे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगासमोर हे प्रकरण आले, तेव्हा कोणी काय केले याचा माग काढता आला.

दुसरा प्रसंग निवडणुकीतला. १८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधी यांनी लोकसभा निवडणुकीची घोषणा केली. २ फेब्रुवारीला जगजीवनराम मंत्रिमंडळातून आणि काँग्रेसमधून बाहेर पडले. ६ फेब्रुवारीला, रविवारी, दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधी पक्षांची सभा होती आणि त्या सभेत जगजीवनराम बोलणार होते. त्या संध्याकाळी दूरदर्शनने राज कपूर यांचा 'बॉबी' दाखवला. १९७३ चा हा चित्रपट तेव्हाही अत्यंत लोकप्रिय होता. रविवारचा चित्रपट पाहण्यासाठी ज्यांच्या घरी संच असेल त्यांच्याकडे शेजारीपाजारी गोळा होत, असा तो काळ. लोकांनी घरी बसावे, म्हणूनच हा चित्रपट निवडला गेला, असा आरोप त्याच वेळी झाला. लोक मात्र प्रचंड संख्येने मैदानावर गेले आणि बाबूजींनी बॉबीला हरवले, अशा अर्थाचा मथळा वृत्तपत्रात झळकला.

ही गोष्ट सहसा गमतीने सांगितली जाते. प्रशासनाचा अभ्यासक म्हणून मला तिच्यातली वेगळी बाब महत्त्वाची वाटते. त्या चित्रपटात कोणताही पक्ष नव्हता, नेता नव्हता, निवडणूक नव्हती. कोणत्या पक्षाला किती मिनिटे मिळाली, याचा हिशेब केला तर त्या अडीच-तीन तासांत सर्व पक्षांना शून्य मिनिटे मिळाली. कागदावर याहून निःपक्षपाती प्रसारण सापडणार नाही. शिवाय चित्रपट दाखवणे हे दूरदर्शनचे नेहमीचेच काम होते. एखाद्या अधिकाऱ्याला जाब विचारला असता, तर 'रविवार होता, चित्रपट दाखवला' एवढे उत्तर पुरेसे ठरले असते.

किशोरकुमारांच्या गाण्यांवरील बंदी लिहिलेल्या आदेशातून आली, म्हणून ती पकडता आली. पक्षपात वेळापत्रकातून, क्रमातून, निवडीतून आणि मौनातून येतो तेव्हा तो पकडता येत नाही. माझ्या मते १९७७ चा खरा धडा हा आहे आणि पुढच्या सर्व सुधारणा नेमक्या याच ठिकाणी अपुऱ्या पडल्या.

त्या निवडणुकीचा निकाल सर्वांना ठाऊक आहे. काँग्रेस १५४ जागांवर आली, स्वतः पंतप्रधान रायबरेलीतून पराभूत झाल्या. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की माध्यमांच्या पक्षपाताने काही बिघडत नाही, मतदार शहाणा असतो. हा निष्कर्ष मला मान्य नाही. तेव्हा दूरचित्रवाणी मोजक्या शहरांपुरती होती आणि बहुसंख्य मतदारांपर्यंत ती पोहोचतच नव्हती. दुसरे असे की, एकांगी बातमीची हानी मतपेटीपुरती नसते. एकोणीस महिने जे शासन आपल्याच बातमीपत्रात आपली स्तुती ऐकत होते, त्याला जनतेत काय धुमसते आहे हे कळण्याचा एक मार्ग त्याने स्वतःच बुजवला होता.

अहवाल, विधेयके आणि विलंब

जनता पक्षाच्या सरकारने आरंभी तत्परता दाखवली. लालकृष्ण अडवाणी माहिती व प्रसारण मंत्री झाले. आणीबाणीतील माध्यमांच्या गैरवापरावर ऑगस्ट १९७७ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. राजकीय पक्षांना निवडणुकीच्या काळात शासकीय माध्यमांवरून स्वतःची भूमिका मांडण्यासाठी वेळ देण्याची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली. पत्रकार बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला आणि त्याने १९७८ मध्ये 'आकाश भारती' नावाच्या स्वतंत्र राष्ट्रीय न्यासाची शिफारस केली. या न्यासाला राज्यघटनेचेच संरक्षण असावे, असे त्या गटाचे मत होते. १९७९ मध्ये विधेयक आले, ते बरेच पातळ होऊन. 'आकाश भारती'ची 'प्रसार भारती' झाली, न्यासाचे महामंडळ झाले. त्याच वर्षी सरकार कोसळले, लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही गेले.

१९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनचा विस्तार झपाट्याने झाला. वसंत साठे यांनी रंगीत प्रक्षेपणाचा आग्रह धरला आणि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी ते प्रत्यक्षात आले. पुढे विठ्ठलराव गाडगीळ यांच्याकडेही हे खाते होते. मनोऱ्यांचे जाळे देशभर पसरले, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही संच आले. विस्तार झाला, स्वायत्तता आली नाही. १९८९ च्या निवडणुकीपर्यंत विरोधक दूरदर्शनला 'राजीव दर्शन' म्हणू लागले होते. राष्ट्रीय आघाडीने स्वायत्ततेचे आश्वासन दिले आणि सत्तेवर आल्यावर १९९० मध्ये प्रसार भारती अधिनियम संसदेत मंजूरही झाला.

येथून पुढचा भाग प्रशासनाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. अधिनियम मंजूर झाला, पण तो अमलात येण्याची तारीख शासनाने जाहीर करायची होती. ती तारीख सात वर्षे जाहीरच झाली नाही. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात निकाल दिला की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, शासनाची मक्तेदारी नव्हे. या निकालातील एक प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. अखेर १५ सप्टेंबर १९९७ रोजी अधिनियम अमलात आला. तेव्हा पंतप्रधान होते इंद्रकुमार गुजराल. १९७५ मध्ये ज्यांच्याकडून हे खाते काढून घेतले गेले होते, त्यांच्याच कारकिर्दीत बावीस वर्षांनी हे घडले.

प्रसार भारतीचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी एस. एस. गिल हे निवृत्त सनदी अधिकारी होते. १९९८ मध्ये सरकार बदलले, अध्यादेशाने वयाची अट लागू झाली आणि गिल यांना पद सोडावे लागले. स्वायत्त संस्थेच्या प्रमुखाला नावानिशी बडतर्फ करावे लागले नाही. नियम असा बदलला की ते आपोआप अपात्र ठरले.

एप्रिल २०१४ मध्ये, लोकसभा निवडणुकीचे मतदान चालू असताना, दूरदर्शनने नरेंद्र मोदी यांची मुलाखत काही भाग वगळून दाखवली आणि वाद झाला. तेव्हा केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार होते. प्रसार भारतीचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी त्या वेळी मंत्रालयाने वृत्तविभागाला पुरेशी स्वायत्तता दिली नसल्याचे लेखी मांडले. पाच वर्षांनी, २०१९ च्या निवडणुकीत, सत्ताधारी बदललेले होते. एप्रिलमध्ये, पहिल्या टप्प्याच्या मतदानाच्या तोंडावर, निवडणूक आयोगाला दूरदर्शनला सांगावे लागले की कोणत्याही पक्षाला झुकते माप देऊ नये, सर्वांना समतोल वेळ द्यावा. मे २०२४ मध्ये सीताराम येचुरी आणि जी. देवराजन यांच्या पक्षप्रसारणाच्या भाषणांतून काही शब्द वगळण्यास सांगितले गेले, त्यावरही वाद झाला.

सत्तेतले पक्ष बदलले, विरोधातले बदलले. तक्रारीचा मजकूर जवळजवळ तोच राहिला.

घड्याळाची मर्यादा

कायद्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय पक्षांना दूरदर्शनवर विनामूल्य वेळ मिळतो. त्याचा काही भाग सर्वांना समान आणि काही मागील निवडणुकीतील कामगिरीनुसार असतो. प्रसारणाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. २००३ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम ३९ क आले आणि माध्यमांवरील वेळेच्या न्याय्य वाटपाला वैधानिक आधार मिळाला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणपत्र सक्तीचे झाले. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणीवरून निवडणूक प्रचार दाखवण्यास कलम १२६ ने मनाई आहे.

या सर्व तरतुदींत एक साम्य आहे. त्या जे मोजता येते, त्याला लागू होतात. भाषणाची मिनिटे मोजता येतात, जाहिरातीची प्रत तपासता येते, ४८ तासांची सीमा घड्याळावर दिसते. बातमी मात्र घड्याळात मावत नाही.

निवडणुकीच्या कामात जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. एका हिंदीभाषी राज्यात मला अशा समितीचे काम पाहावे लागले. एका खोलीत पाच-सहा संच लावलेले, समोर कर्मचारी, त्यांच्यापुढे नोंदवही. रकाने ठरलेले होते: दिनांक, वाहिनी, पक्ष, उमेदवार, वेळ मिनिटांत, शेरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका वरिष्ठ लिपिकाने मला विचारले, "साहेब, दोन्ही उमेदवारांना चार-चार मिनिटे दिली आहेत. पण एकाला बोलू दिले आणि दुसऱ्याला नुसते प्रश्न विचारले. हे कोणत्या रकान्यात लिहू?" 'शेरा' या रकान्यात लिहा, असे मी सांगितले. त्यांनी ते रोज प्रामाणिकपणे लिहिले. परंतु वर पाठवायच्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. तक्त्यात दोन्ही उमेदवार समान होते.

त्या लिपिकाने ज्याकडे बोट दाखवले, त्याच गोष्टीला आपण पक्षपात म्हणतो. कोणती बातमी आधी आणि कोणती नंतर, सभेचे चित्रण उंचावरून की रिकाम्या खुर्च्यांचे, आरोप कोणाचा आणि उत्तर कोणाचे, कोणत्या विषयाला चर्चा म्हणायचे आणि कोणत्या विषयाला वाद. १९७७ च्या 'बॉबी'प्रमाणेच यातले बहुतेक सारे तक्त्यात शून्य मिनिटे म्हणून नोंदले जाते.

दूरदर्शनवर हे कसे घडते? बहुतेक वेळा आदेशाने नव्हे. प्रसार भारती अधिनियमाच्या कलम २३ नुसार देशाची एकात्मता, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी शासन प्रसारणाबाबत निर्देश देऊ शकते. पण असा प्रत्येक निर्देश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते, कारण आज्ञा देणाऱ्याला ती उजेडात आणायला लावते. पण ती निरुपयोगी करण्याचा मार्गही सोपा आहे: निर्देश द्यायचाच नाही. वृत्तविभागात काम करणारे भारतीय माहिती सेवेचे अधिकारी मंत्रालयाच्या संवर्गातले असतात. त्यांची पुढची नेमणूक कोठे होईल हे कोण ठरवते, ते त्यांना माहीत असते. मग एक दूरध्वनीही पुरतो. बऱ्याचदा तोही लागत नाही. वरिष्ठांना काय आवडेल याचा अंदाज बांधून आधीच तसे करून ठेवणे, हे आपल्या कार्यालयांतले जुने कौशल्य आहे आणि त्याची नोंद कोणत्याही फाइलवर होत नाही.

खाजगी वाहिन्यांचे काय?

१९९० च्या दशकात खाजगी वाहिन्या आल्या, १९९८ पासून चोवीस तासांच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा अनेकांना वाटले की मक्तेदारी गेली म्हणजे प्रश्न सुटला. चेन्नईत राहणाऱ्या वाचकांना हा भ्रम फार काळ राहिला नसेल. तेथे द्रमुकच्या नेतृत्वाशी नाते असलेल्या कुटुंबाची वाहिनी आणि अण्णाद्रमुकची बाजू मांडणारी वाहिनी, अशी सरळ वाटणी झाली. एकाच सभेची गर्दी एका वाहिनीवर अथांग आणि दुसरीवर विरळ दिसे. यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा तरी होता, कारण कोणती वाहिनी कोणाची हे सर्वांना माहीत होते. जेथे मालकी, जाहिराती आणि हितसंबंध पडद्याआड असतात, तेथे प्रेक्षकाला तेवढीही सोय नसते.

राजकीय पक्षांना प्रसारणव्यवसायात येऊ देऊ नये, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००८ मध्ये केली आणि २०१२ मध्ये तिचा पुनरुच्चार केला. २०१९ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर 'नमो टीव्ही' नावाची वाहिनी डिश सेवांवर दिसू लागली. ती वृत्तवाहिनी, मनोरंजन वाहिनी की जाहिरात, हा प्रश्न उभा राहिला. तिच्यावरील ध्वनिमुद्रित राजकीय कार्यक्रमांना पूर्वप्रमाणन लागेल, असे आयोगाने सांगितले. निवडणूक संपली आणि वाहिनीही पडद्यावरून गेली.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. निवडणुकीत उशिरा मिळालेला न्याय हा जवळजवळ न मिळाल्यासारखाच असतो. चुकीची वीजदेयके नंतर दुरुस्त होतात, चुकीचा सातबारा अपिलात बदलता येतो. पण मतदानापूर्वीच्या आठवड्यात मतदाराने जे पाहिले किंवा त्याला जे पाहू दिले नाही, ते निकालानंतर दुरुस्त करण्याची कोणतीही पद्धत नाही. १९७७ ची श्वेतपत्रिका निवडणुकीनंतर आली, शहा आयोगही नंतर आला.

काय करता येईल

बातमी कशी द्यावी हे शासनाने ठरवावे, असे मी मुळीच सुचवणार नाही. तो उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल. परंतु सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या दूरदर्शनपुरत्या तीन गोष्टी प्रशासनाला सहज करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, निवडणुकीच्या काळात दूरदर्शनने आपल्या बातमीपत्रांचा दैनंदिन तक्ता दुसऱ्याच दिवशी जनतेपुढे ठेवावा. त्यात मिनिटांबरोबर बातमीचा क्रम, कोण स्वतःच्या आवाजात बोलले आणि कोणाबद्दल फक्त सांगितले गेले, प्रश्न कोणाला विचारले गेले, एवढे रकाने असावेत. त्या लिपिकाचा 'शेरा' वरपर्यंत जावा.

दुसरी, निवडणुकीच्या काळात मंत्रालयाकडून वृत्तविभागाला आलेली प्रत्येक सूचना, तोंडी असली तरी, घेणाऱ्याने त्याच दिवशी लिहून नोंदवावी आणि निवडणूक संपल्यावर ती नोंदवही खुली व्हावी. तोंडी आदेशाची लेखी पुष्टी मागणे हा शासकीय सेवकाचा नियमांनी दिलेला हक्क आहे. तो बजावताना संकोच वाटू नये, एवढीच व्यवस्था करायची आहे.

तिसरी, आयोगाकडे बातमीविषयी आलेल्या तक्रारीचा निर्णय दोन दिवसांत व्हावा आणि दुरुस्ती त्याच वाहिनीवर, त्याच वेळेच्या बातमीपत्रात दाखवली जावी.

यातली कोणतीही गोष्ट क्रांतिकारक नाही. स्वायत्ततेचे मोठे कायदे आपण करून पाहिले आणि ते तारखेअभावी, अध्यादेशाने किंवा बदल्यांच्या भीतीने निष्प्रभ होताना पाहिले. तोंडी सूचना लिहून घेण्याची सवय लावायला मात्र नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांकडे एक सोय आहे, ती त्यांनी अवश्य वापरावी. आपण दोन भाषांत बातम्या पाहता. पुढच्या निवडणुकीत एकाच दिवसाची एकच घटना राहत्या राज्याच्या भाषेत आणि मराठीत अशी दोन वाहिन्यांवर पाहा, आणि दोन्हींत काय वगळले आहे ते एका कागदावर लिहा. आणि माझे जे तरुण सहकारी पुढे वृत्तविभागात किंवा संनियंत्रण समितीत जातील, त्यांना एवढेच सांगायचे आहे की, कोणी तोंडी काही सुचवले तर नम्रपणे म्हणावे, "साहेब, कृपया लेखी द्यावे." बऱ्याच सूचना तेथेच थांबतात, असा माझा अनुभव आहे.